देणारा कोण? नागपूरच्या मिशनचा जमाखर्च

कामठीची छावणी १८२१ सालची. सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. तेव्हापासून नागपूरचं राज्य नावाला भोसल्यांचं उरलं आणि शहरापासून काही कोसांवर, कन्हानच्या काठी, मद्रासची पलटण कायमची मुक्कामाला आली. तिच्याबरोबर तमिळ-तेलुगू शिपायांचे कुटुंबकबिले आले, बाजार आला, दुकानदार आले. याच छावणीशी संबंध असलेल्या कॅप्टन विल्यम हिल या अधिकाऱ्याने १८४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक मोठी देणगी देऊ केली. या मुलखात ख्रिस्ती मिशन सुरू व्हावं, एवढीच त्यामागची इच्छा. मुंबईत काम करणारे डॉ. जॉन विल्सन यांच्यामार्फत हा प्रस्ताव स्कॉटलंडला पोचला.

मिशनच्या इतिहासात सहसा उलटं घडतं. माणूस तयार असतो, पैसा नसतो. इथे पैसा हजर होता, माणूस नव्हता. आणि ज्या मंडळीने माणूस पाठवायचा, ती मंडळीच त्या सुमारास दुभंगण्याच्या बेतात होती.

नागपूरच्या ख्रिस्ती कामाची कथा सांगताना बहुतेक जण स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या आगमनापासून सुरुवात करतात. मला ती दोन वर्षं आधी, एडिंबरात, १८ मे १८४३ या दिवशी सुरू होते असं वाटतं. स्कॉटलंडच्या राजमान्य मंडळीची वार्षिक सभा त्या दिवशी भरली होती. वाद जुना होता. गावच्या चर्चमध्ये पाळक कोण असावा हे ठरवण्याचा हक्क तिथल्या जमीनदाराकडे होता. मंडळीला तो पाळक नको असला तरी जमीनदाराचा शब्द चाले आणि सरकारी कोर्ट त्याच्या पाठीशी उभं राही. वतनदारीचा काच अनुभवलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या दिवशी मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधाचं पत्र वाचलं आणि ते सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागून १२१ पाळक आणि मंडळीचे ७३ वडील (एल्डर) निघाले. सगळे चालत कॅननमिल्सच्या टॅनफील्ड हॉलमध्ये गेले आणि तिथे फ्री चर्चची स्थापना झाली. पुढे राजीनाम्यावर सह्या करणाऱ्या पाळकांची संख्या ४७४ झाली. राजमान्य मंडळीतल्या एकूण पाळकांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

सही करणाऱ्या प्रत्येकाने त्या एका कागदाने पगार सोडला, राहतं घर सोडलं, चर्चची इमारत सोडली. लेकराबाळांची माणसं होती ती. पुढचा महिना कसा जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हिंदुस्थानातल्या मिशनऱ्यांपुढेही तोच प्रश्न उभा राहिला. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ, मुंबईत जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट, मद्रासेत जॉन अँडरसन: स्कॉटिश मंडळीचे हे सारे मिशनरी फ्री चर्चच्या बाजूने गेले. शाळेच्या इमारती, ग्रंथालयं, प्रयोगाची उपकरणं जुन्या मंडळीच्या नावावर होती, ती मागे राहिली. वर्षानुवर्षं जमवलेलं सोडून भाड्याच्या जागेत पुन्हा श्रीगणेशा करायचा, हे त्यांनी एकमुखाने पत्करलं.

अशा कफल्लक मंडळीपुढे नागपूरचा प्रस्ताव आला. पाचशेच्या आसपास पाळकांच्या घरची चूल पेटती ठेवायची, शेकडो नवी चर्चं बांधायची, कलकत्ता-मुंबई-मद्रासची कामं शून्यातून उभी करायची, आणि वर हे नवं ओझं! एखाद्या शहाण्या कारभाऱ्याने सल्ला दिला असता की हिल यांना कळवा, पाच वर्षं थांबा. मंडळी थांबली नाही. १८४४ मध्ये तिने नागपूरचं मिशन अंगावर घेतलं. हिल यांची देणगी कितीही मोठी असली तरी ती सुरुवातीपुरती होती. दरसालचा खर्च कुठून येणार याचं उत्तर तेव्हा कुणाकडेही नव्हतं. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हा निर्णय दाखवीन.

त्या भरवशाला हातपाय होते, हेही सांगायला हवं. फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष थॉमस चामर्स हे धर्मशास्त्राचे पंडित, आणि हिशेबाचेही तितकेच पक्के. त्यांनी फुटीच्या आधीच योजना आखून ठेवली होती. गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्यांची मंडळं नेमायची, प्रत्येकाला घरं वाटून द्यायची आणि घरटी आठवड्याला एक पेनी मागायची. जमलेला पैसा एका सामाईक निधीत जाणार आणि तिथून श्रीमंत गावच्या व गरीब गावच्या पाळकाला सारखाच वाटा मिळणार. हे चित्र मला नेहमी हलवून सोडतं. गिरणीत काम करणारी बाई, कोळशाच्या खाणीतला मजूर, मासेमार, त्यांच्या दारात दर आठवड्याला कुणीतरी वही घेऊन उभं राहतं, पेनी घेतं, नावापुढे खूण करतं आणि पुढच्या दाराकडे वळतं. परदेशी मिशनसाठीही असाच घरोघरचा पैसा गोळा होई. मंडळीचं एक मासिक निघे. त्यात कलकत्त्याची, मुंबईची आणि पुढे नागपूरची पत्रं छापून येत. ज्या बाईने पेनी दिली तिला सीताबर्डी हे नाव त्या मासिकातून कळलं असणार.

मात्र याच मंडळीच्या वह्यांत एक नोंद अशीही होती जी तिच्या कपाळी डाग बनून राहिली. १८४४ मध्ये फ्री चर्चचं एक शिष्टमंडळ मदत मागायला अमेरिकेला गेलं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी हात सैल सोडला आणि सुमारे ३,००० पौंड जमले. देणाऱ्यांत गुलामांचे मालक होते. १८४६ मध्ये स्वतः गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस स्कॉटलंडभर सभा घेत हिंडला. पैसे परत पाठवा, ही त्याची एकच मागणी. एडिंबरा, ग्लासगो, डंडी इथल्या सभा तुडुंब भरल्या, भिंतींवर त्याची घोषणा रंगवली गेली, गाणी रचली गेली. मंडळीने पैसे परत केले नाहीत. चामर्ससारखा थोर माणूसही या प्रश्नावर अडखळला. गुलामगिरी वाईट, पण गुलाम बाळगणाऱ्या ख्रिस्ती बांधवाशी नातं तोडता येणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. मला तो पटत नाही. जमीनदाराच्या अन्यायापायी घरदार सोडणाऱ्यांनी दुसऱ्या एका जमीनदाराच्या चाबकाखालून आलेला पैसा ठेवून घ्यावा, याचं दुःख आज वाचतानाही होतं. देव पुरवतो हे खरं मानलं, तर हातात आलेली प्रत्येक गोष्ट देवानेच दिली असं म्हणण्याचा मोहही त्याच वाटेने येतो.

याच काळात नागपूरच्या ईशान्येला, नर्मदेच्या उगमाजवळ, अगदी वेगळ्या पद्धतीचा भरवसा पणाला लागला होता. बर्लिनमध्ये योहानेस गॉस्नर नावाचे वृद्ध पाळक होते. मूळचे बव्हेरियातले कॅथलिक धर्मगुरू, नंतर प्रोटेस्टंट झालेले. साठी उलटल्यावर, १८३६ मध्ये, त्यांनी शेतकरी, सुतार, विणकर अशा कष्टकरी तरुणांना मिशनरी म्हणून पाठवायला सुरुवात केली. पौल प्रेषिताने तंबू शिवून पोट भरलं, तुम्हीही हातच्या कसबावर जगा, ही त्यांची शिकवण. फारशी समिती नाही, ठरलेला पगार नाही. दान मागत दारोदार घंटा वाजवण्यापेक्षा प्रार्थनेची घंटा वाजवावी, असं गॉस्नर म्हणत, ही त्यांच्याविषयीची आठवण जर्मन मंडळ्यांत अजून सांगितली जाते. योगायोग असा की त्याच १८३६ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्यूलर यांनी अनाथ मुलांसाठी घर उघडलं आणि कुणाही माणसाकडे पैसा मागायचा नाही, फक्त देवाकडे, असं व्रत घेतलं. पुढे आपल्या पंडिता रमाबाईंनी म्यूलरचं चरित्र वाचलं आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा संसार बराचसा त्याच वाटेने चालवला.

गॉस्नरांचे काही तरुण १८४१ च्या सुमारास अमरकंटकजवळ करंजिया इथे गोंडांमध्ये येऊन राहिले. जबलपूरकडे कारभार पाहणारे डोनाल्ड मॅक्लाउड, जे नंतर पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले, त्यांचा या कामाला आधार होता. झोपड्या बांधल्या, नांगर धरला, गोंडी शिकायला घेतली. पहिला पावसाळा उतरता उतरता रोगाने गाठलं आणि थोड्याच दिवसांत बहुतेक जण गेले. त्यांच्या कबरी तिथेच आहेत. वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर कामठीत हिस्लॉप यांच्याबरोबर काम केलं.

गॉस्नरांच्या श्रद्धेत खोट नव्हती. पण जंगलात मरणाऱ्याला वैद्य लागतो, निरोप पोचवणारा लागतो, महिन्याची रसद लागते. चामर्सची वही आणि गॉस्नरची घंटा यांत मी कुणाला कमी लेखत नाही. एवढं मात्र दिसतं की मध्य हिंदुस्थानात जे काम टिकलं, ते वहीच्या आधाराने टिकलं.

स्टीफन हिस्लॉप फेब्रुवारी १८४५ मध्ये पत्नी एरास्मा यांच्यासह नागपूरच्या मुलखात आले. वय सत्तावीस. जन्म ८ सप्टेंबर १८१७, स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डन्स गावी. (त्याच वर्षी दख्खनच्या फौजेचा सेनापती होता सर थॉमस हिस्लॉप, ज्याने महिदपूरला होळकरांचा पराभव केला. आडनाव एकच असल्याने काही जण गल्लत करतात. ते दोघे वेगळे.) मुंबई ते नागपूर रेल्वे यायला अजून बावीस वर्षं होती. घाट चढून, खानदेश-वऱ्हाड ओलांडून यायचं. पत्र स्कॉटलंडला पोचायला दीड-दोन महिने, उत्तराला तितकेच. एखाद्या खर्चाला मंजुरी मागितली तर ती येईपर्यंत ऋतू पालटलेला असे. इतक्या अंतरावरच्या माणसाला, सगळं ठरवून मगच पाऊल टाकीन, असं म्हणायची सोयच नव्हती. आधी पाऊल, मग मंजुरी.

कामठीतून कामाला सुरुवात झाली आणि १८४६ मध्ये नागपूर शहरात शाळा उघडली. ब्राह्मण, मराठा, कोष्टी, व्यापारी अशा घरांतली मुलं इंग्रजीच्या ओढीने येऊ लागली. बायबल शिकवलं जाणार हे पालकांना माहीत होतं. फी घेऊन अशी शाळा चालण्यासारखी नव्हती. मास्तरांचे पगार, पुस्तकं, भाडं, सगळं मिशनच्या माथी. छावणीतल्या काही इंग्रज अधिकाऱ्यांची वर्गणी आणि स्कॉटलंडची पेनी या दोन पायांवर शाळा उभी होती. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर येऊन मिळाले. पुढे सात खंडांचा इंग्रजी ज्ञानकोशात्मक शब्दकोश संपादित करणारे ते हेच.

आता वाचकाच्या मनात येईल की यांना कसली चिंता, मागे इंग्रजी राज्य उभं होतं. नागपूरचा अनुभव इतका सरळ नाही. १८४८ मध्ये शाळेतल्या एका ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखवली आणि तो मिशनऱ्यांच्या आश्रयाला आला. शहरात खळबळ उडाली. मुलाच्या घरच्यांवर काय कोसळलं असेल याची कल्पना कुठल्याही आईबापाला करता येईल. त्यांचा आक्रोश खोटा नव्हता. भोसल्यांच्या दरबाराने आपला प्रजाजन परत मागितला. इंग्रजांच्या रेसिडेन्सीने भोसल्यांशी झालेल्या करारावर बोट ठेवलं आणि मिशनच्या बाजूने उभं राहायला नकार दिला. मुलाला ताब्यात द्यावं लागलं. शाळेतली मुलं गळाली. मिशनऱ्यांना त्या दिवसांत कळलं की राजा आपला नाही आणि रेसिडेंटही आपला नाही.

मला या प्रसंगात नागपूरच्या मिशनचं खरं स्वरूप दिसतं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर जगायचं आणि तरी त्यांच्याच सरकारशी भांडायचं. हिस्लॉप यांनी हे पुढेही केलं. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. औरस पुत्र नव्हता. डलहौसीने दत्तक नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातले दागदागिने, हत्ती-घोडे लिलावात निघाले. राणी बाकाबाईंचा संताप आणि नागपूरकरांचा अपमान अजून शहराच्या आठवणीत आहे. कंपनीचा अंमल आला, पण कारभार सुधारला नाही. कामं अडून राहत, दाद लागत नसे. हिस्लॉप यांनी ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्रात या गलथान कारभारावर लेख लिहिले आणि ते थेट कलकत्त्याला टोचले. १८६१ मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत बनवला गेला, त्यामागे या लेखांचाही हात होता असं त्यांचे समकालीन मानत. ज्या अधिकाऱ्याच्या घरी रविवारी वर्गणीसाठी जायचं, त्याच्याच कचेरीवर सोमवारी टीका लिहायची. आपला देणारा हा साहेब नव्हे, अशी मनाची पक्की गाठ असल्याशिवाय हे होत नाही.

पैशाचं गणित १८५४ पासूनच बदलू लागलं होतं. वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना, त्यात मिशनच्याही, सरकारी अनुदानाचा मार्ग खुला केला. अनुदान म्हणजे तपासणी, ठरलेला अभ्यासक्रम, निकालाची टक्केवारी. सरकारचा पैसा घ्यावा की पेनीवरच राहावं, हा वाद तेव्हा हिंदुस्थानभरच्या मिशनांत रंगला. शाळा त्यामुळे वाढल्या यात शंका नाही. स्कॉटलंडमधल्या त्या बाईची पेनी मात्र मोठ्या आकड्यांत दिसेनाशी झाली.

हिस्लॉप यांची दुसरी ओळख नागपूरकरांना जास्त ठाऊक आहे. ते दगडांत रमत. शहराबाहेर टाकळीच्या बाजूला फिरताना त्यांना आणि हंटरना काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये चिखलमातीचा एक पातळ थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, माशांची खवलं, बिया, फळं दगड होऊन बसली होती. लाव्ह्याच्या दोन पुरांमधल्या उसंतीत इथे तळी होती, तळ्याकाठी झाडं होती, हे त्या बोटभर शंखांनी सांगितलं. दोघांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध लिहिले, नमुने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीला पाठवले. चंद्रपूरकडच्या मांगलीत मिळालेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. हिस्लॉपाइट आणि हंटराइट ही खनिजांची नावं याच दोघांवरून पडली. मिशनऱ्याने दगड का फोडावेत, असं काही भाविक दात्यांना वाटलं असल्यास नवल नाही. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याने हे घडवलं त्याचीच भाकर आपण खातो, अशी ज्याची धारणा, त्याने ते निरखून पाहावं हे स्वाभाविक आहे.

गोंडांच्या रीती, भाषा, लिंगोची गाथा हेही त्यांनी टिपून ठेवलं होतं. हे कागद त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर बोरीजवळच्या टाकळघाटला गेले होते. तिथली शिळावर्तुळं, म्हणजे महापाषाणकाळातली दफनं, पाहायची होती. पावसाळ्याचे दिवस. संध्याकाळी घोड्यावरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. चार दिवसांनी त्यांना शेहेचाळीसावं वर्ष पुरं झालं असतं. टेंपल यांनी १८६६ मध्ये ते कागद संपादित करून प्रसिद्ध केले. गोंडांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आजही त्या ग्रंथापासून सुरुवात करावी लागते.

ते गेले तेव्हा मिशनजवळ काय होतं? एक शाळा, मूठभर बाप्तिस्मा घेतलेली माणसं, काही कबरी. अठरा वर्षांचा असा ताळेबंद कुठल्याही देणगीदार संस्थेपुढे ठेवला तर ती पुढच्या वर्षाची मदत बंद करील. पेनी बंद झाली नाही. १८८३ मध्ये त्याच शाळेतून हिस्लॉप कॉलेज निघालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीताबर्डीत म्यूर मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. स्कॉटलंडच्या मंडळीतली फूट मिटायला मात्र १९२९ साल उजाडलं.

त्याच्या कितीतरी आधी प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला जाऊ लागला होता. स्कॉटलंडची पेनी नागपूरला आली, नागपूरचा पैसा कुठे आहे? या प्रश्नाने ज्यांना छळलं त्यांत नारायण वामन टिळक मला सर्वांत जवळचे वाटतात. त्यांचाही नागपूरशी ऋणानुबंध. ख्रिस्ती होण्याआधी ते आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने इथे राहिले, संस्कृत ग्रंथांचं काम केलं. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे बावीस वर्षं ते अमेरिकन मराठी मिशनच्या पगारावर अहमदनगरला राहिले. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी किती वेळा रिकाम्या डब्यांवर संसार रेटला! १९१७ मध्ये टिळकांनी तो पगारही सोडला, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे त्यात यावेत. परकी शिस्त नको, परका पगार नको. विश्वासाचं हे टोक गाठताना घरच्यांची काय ओढाताण झाली हेही लक्ष्मीबाईंनी लपवलेलं नाही, आणि म्हणूनच ती कथा खरी वाटते. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली.

टिळकांआधीच, १९०५ च्या नाताळच्या दिवशी, बंगालात सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली होती. माणसं इथली, पैसा इथला, कारभारही इथलाच, असा तिचा निर्धार. व्ही. एस. अझरिया, के. टी. पॉल यांच्यासारखी माणसं त्यामागे होती. महाराष्ट्रात तिने कर्जतला काम उघडलं. ही हिंदी ख्रिस्ती लोकांची पेनी होती, आणि चामर्सच्या पेनीपेक्षा ती देणं अवघड होतं. देणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी दोन वेळची भाकरी नक्की नव्हती.

विदेशी पैशाचा हिशेब पुढे सरकारदरबारीही मागितला गेला, आणि तो नागपुरातच. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने, राजधानी नागपूर असताना, ख्रिस्ती मिशनांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. सभासदांत वर्ध्याचे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापक एस. के. जॉर्जही होते. १९५६ च्या अहवालाने परदेशी पैशाच्या आणि धर्मांतराच्या पद्धतींवर कठोर ताशेरे ओढले. ख्रिस्ती संघटनांनी त्याला एकांगी ठरवलं, आणि शाळा-दवाखान्यांत आयुष्य घालवलेल्यांना तो जिव्हारी लागला. त्याचे पडसाद अजून विरलेले नाहीत. समितीच्या अनेक निष्कर्षांशी मी सहमत नाही. पण पैसा कुणाचा, असं विचारण्याचा शेजाऱ्याला हक्क आहे. १८४६ मध्ये डग्लसने तेच विचारलं होतं. ज्याचा भरवसा देवावर आहे त्याला वही उघडून दाखवायला संकोच का वाटावा?

त्या काळात हिस्लॉप कॉलेजचे प्राचार्य होते डॉ. डेव्हिड मोझेस, जे पुढे जागतिक ख्रिस्ती परिषदेच्या अध्यक्षमंडळावर गेले. परदेशी मिशनऱ्यांच्या हातून कारभार इथल्या माणसांकडे येत होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जन्माला आली. हिस्लॉप यांच्या परंपरेतली मंडळीही त्यात सामील झाली.

आज पूर्णवेळ सेवेत उतरणारा मराठी तरुण आधार कसा उभा करतो? तो नातेवाइकांना, मित्रांना, जुन्या मंडळीच्या पाळकांना फोन करतो, प्रार्थनेत आठवण ठेवा म्हणतो, आणि महिन्याला जमेल ते द्या, हे वाक्य ओठांवर आणताना त्याचा घसा कोरडा पडतो. त्याला मी एवढंच सांगेन की चामर्सचे वहीवालेही असेच दारात उभे राहिले होते.

आणि मंडळ्यांचं म्हणाल, तर पावसाळा सरला की सुगीच्या उपासनेला जाऊन पाहावं. कुणी तूरडाळ आणतं, कुणी घरची अंडी, कुणी परसातला भोपळा, कुणी पोरांनी केलेले लाडू. उपासना झाली की आवारात लिलाव पुकारला जातो. बोली चढते, हशा होतो. भोपळा घेणारा पैसे देतो आणि भोपळा पुन्हा टेबलावर ठेवतो. तो परत पुकारला जातो, दुसरा घेतो, तोही परत ठेवतो. वहीवाला वडील प्रत्येक बोली नावासकट लिहून घेतो.